कॉरिन्थियन प्रकरण: नोकरी लागली हे ठरवायचे कोणी?

अमेरिकेतल्या हील्ड कॉलेजमधून २०११ मध्ये एक विद्यार्थिनी अकाउंटिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडली. कॉलेजच्या कागदोपत्री तिला तिच्याच क्षेत्रात नोकरी लागली होती. प्रत्यक्षात ही नोकरी टॅको बेल या फास्ट फूड साखळीच्या दुकानातली होती, आणि ती त्या दुकानात कामाला लागली होती जून २००६ मध्ये. पाच वर्षांपूर्वीची ही नोकरी कॉलेजने आपल्या प्लेसमेंटच्या आकड्यात धरली. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने एप्रिल २०१५ मध्ये हील्डवर जवळपास ३ कोटी डॉलरचा दंड ठोठावला, तेव्हा कारणे देताना खात्याने हे उदाहरण जाहीर केले होते.

हील्डची मालकी कॉरिन्थियन कॉलेजेस या कंपनीकडे होती. दंडाच्या आदेशाला दोन आठवडेही झाले नाहीत तोच कंपनीने आपले उरलेसुरले सगळे कॅम्पस बंद केले. विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कर्ज राहिले, हातात अर्धवट अभ्यासक्रम राहिला किंवा कोणी विचारत नाही असे प्रमाणपत्र राहिले. हे कर्ज फेडायचे की नाही हा वाद पुढे सात वर्षे चालला. १ जून २०२२ ला अमेरिकी सरकारने ५ लाख ६० हजार कर्जदारांचे मिळून ५.८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केल्याचे जाहीर केले. शिक्षण खात्याने तोपर्यंत एकाच वेळी केलेली ती सर्वांत मोठी विद्यार्थी कर्जमाफी होती.

या प्रकरणाकडे बहुतेक जण खोट्या जाहिरातीचे प्रकरण म्हणून बघतात. जाहिरात खोटी होतीच. पण मूळ रोग मोजणीत होता असे मला वाटते. ‘नोकरी लागली’ कशाला म्हणायचे हे फी घेणाऱ्यानेच ठरवले, मोजलेही त्यानेच आणि छापलेही त्यानेच. परीक्षा देणाऱ्याने स्वतःचाच पेपर तपासावा आणि विद्यापीठाने त्यावर गुणपत्रिका द्यावी, तशी ही व्यवस्था होती. ती इतकी वर्षे कशी चालली हे समजायला आधी पैशाचा प्रवास पाहावा लागतो.

फी कोण भरत होते

कॉरिन्थियनची स्थापना १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. मुख्यालय सांता अ‍ॅना शहरात. १९९९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि छोट्या-मोठ्या व्यावसायिक शाळा विकत घेत वाढत गेली. एव्हरेस्ट या नावाखाली मेडिकल असिस्टंट, डेंटल असिस्टंट, फार्मसी टेक्निशियन असे अभ्यासक्रम चालत. वायोटेकमध्ये गाड्यांच्या दुरुस्तीचे शिक्षण मिळे. हील्ड हे तर सॅन फ्रान्सिस्कोत १८६३ मध्ये सुरू झालेले जुने, नाव असलेले कॉलेज. ते कॉरिन्थियनने २०१० मध्ये घेतले. ऐन भरात असताना शंभरावर कॅम्पस आणि एक लाखाहून जास्त विद्यार्थी होते.

हे विद्यार्थी कोण होते? बहुतेक कमी उत्पन्नाच्या घरांतले. अनेक जण घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारे. मुलांना एकटीने वाढवणाऱ्या बायका त्यांत बऱ्याच. कॅलिफोर्नियाच्या तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल (राज्याच्या मुख्य कायदा अधिकारी) कमला हॅरिस यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीवर दावा लावला. त्यात कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उद्धृत केली आहेत. आपले गिऱ्हाईक कसे आहे याचे वर्णन कंपनीने स्वतःच करून ठेवले होते: एकटे पडलेले, स्वतःला कमी लेखणारे, आयुष्यात अडकून पडलेले, काळजी करणारे फारसे कोणी नसलेले, पुढचे नीट पाहता न येणारे. हे वाचताना अंगावर काटा येतो. अशा माणसाला शिक्षणाची सर्वांत जास्त गरज असते हे खरे, आणि फोनवर गोड बोलून सही घेणेही त्याच्याकडूनच सर्वांत सोपे असते.

फी मात्र या लोकांच्या आवाक्यातली मुळीच नव्हती. २०१३ च्या सुमारास चार वर्षांच्या पदवीसाठी ६० ते ७५ हजार डॉलर लागत. रोख भरणारे जवळपास कोणीच नव्हते. पैसा येई तो केंद्र सरकारच्या अनुदानातून आणि विद्यार्थी कर्जातून, आणि तोही थेट शाळेच्या खात्यात. वर्षाला साधारण १.४ अब्ज डॉलर या वाटेने कॉरिन्थियनकडे जात. कर्जावर नाव विद्यार्थ्याचे, पैसे शाळेला.

इथे एक नियम लक्षात घ्यायला हवा. नफा कमावणाऱ्या शाळांनी आपल्या उत्पन्नापैकी जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम या सरकारी मदतीतून मिळवावी, किमान १० टक्के बाहेरून यावेत, असा अमेरिकेत कायदा आहे. त्यामागचा विचार चांगला होता. अभ्यासक्रमात खरेच काही दम असेल तर कोणीतरी त्यासाठी पदरचे चार पैसे घालेलच, ही ती कसोटी.

कॉरिन्थियनने ही कसोटी कशी पार केली याचे वर्णन अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण ब्यूरोने सप्टेंबर २०१४ मध्ये लावलेल्या दाव्यात आहे. ब्यूरोच्या म्हणण्यानुसार कंपनीने फी मुद्दाम इतकी ठेवली की सरकारी मदत पूर्ण वापरूनही काही रक्कम कमी पडावी. ती भरायला विद्यार्थ्याकडे पैसे नसत. मग शाळाच त्याला एक खासगी कर्ज सुचवी, ज्याला ‘जेनेसिस’ कर्ज म्हणत. सरकारी कर्जाचा व्याजदर ३ ते ७ टक्क्यांच्या आसपास असताना या कर्जाचा दर १५ टक्क्यांजवळ होता. शिवाय सरकारी कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, याचे मात्र शिकत असतानाच सुरू होत.

या कर्जांपैकी ६० टक्क्यांहून जास्त कर्जे तीन वर्षांच्या आत थकत होती, आणि हे कंपनीला ठाऊक होते, असे ब्यूरो सांगतो. थकलेली कर्जे परत घेण्याचा करारही कंपनीनेच केलेला होता. मग एवढे बुडीत कर्ज देण्यात काय फायदा? कागदावर ही रक्कम ‘बाहेरून आलेल्या’ १० टक्क्यांत जाऊन बसे. ते १० डॉलर बुडाले तरी त्यांच्या जोरावर सरकारी ९० डॉलर घेता येत. परतफेडीची आशा नसतानाही कर्ज देणे परवडत होते ते यामुळे. विद्यार्थ्याला मात्र हे गणित कोणी सांगितले नव्हते. त्याच्या लेखी ते खरेखुरे कर्ज होते आणि वसुलीही खरीखुरी होती. हप्ता चुकला की त्याला वर्गातून उठवून बाहेर बोलावले जाई, शाळेच्या संगणकांना हात लावू दिला जात नसे, अभ्यासक्रम संपला तरी प्रमाणपत्र अडवून धरले जाई. वर्गमित्रांसमोर उठून जावे लागणे म्हणजे काय, हे हप्त्यावर शिकलेल्या कोणालाही सांगायला नको.

एक दिवसाची ‘करिअर’

एवढ्या फीला विद्यार्थी तयार का होत? कारण समोर आकडा होता: अमुक अभ्यासक्रम केलेल्या इतक्या टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागली.

हा आकडा फक्त जाहिरातीसाठी नव्हता, म्हणून तो समजून घ्यायला हवा. अमेरिकेत शाळांना मान्यता देणाऱ्या खासगी संस्था असतात. व्यावसायिक शाळांना मान्यता देणाऱ्या संस्था नोकरी लागलेल्यांची किमान टक्केवारी मागतात. ती गाठली नाही तर मान्यता धोक्यात, मान्यता गेली तर सरकारी मदत बंद, आणि सरकारी मदत बंद झाली की शाळेला टाळे. विद्यार्थ्याच्या भल्यासाठी आणलेली ही अट कॅम्पसवरच्या प्लेसमेंट विभागासाठी दर महिन्याची टांगती तलवार झाली. आकडा आला नाही तर आपलीच नोकरी जाईल अशी स्थिती असली की माणूस काय करतो, ते कॉरिन्थियनच्या कागदपत्रांत दिसते.

ब्यूरोच्या दाव्यानुसार काही कॅम्पसवर एक दिवस टिकलेली नोकरीही ‘करिअर’ म्हणून मोजली जाई. दुसऱ्या दिवसाचे नुसते आश्वासन पुरे होते. अस्तित्वातच नसलेले मालक कागदावर तयार करून विद्यार्थी त्यांच्याकडे कामाला लागल्याचे मान्यता संस्थांना कळवले गेले. काही मालकांना पैसे देऊन पदवीधरांना तात्पुरते ठेवून घ्यायला लावले. कॅलिफोर्नियाच्या दाव्यात तर असे म्हटले आहे की काही अभ्यासक्रमांसाठी १०० टक्क्यांपर्यंत प्लेसमेंट जाहीर केली होती आणि त्या काळात एकाही विद्यार्थ्याला नोकरी लागल्याचा पुरावा नव्हता.

हील्डच्या बाबतीत शिक्षण खात्याने काढलेले निष्कर्ष मला सर्वांत बोलके वाटतात, कारण तिथे खोटेपणाच्या पायऱ्या एकेक करून दिसतात. पहिली पायरी म्हणजे आधीपासून चालू असलेली नोकरी कॉलेजच्या खात्यावर जमा करणे. काही नोकऱ्या तर विद्यार्थी कॉलेजात दाखल होण्याच्याही आधीच्या होत्या. दुसरी पायरी, भलत्याच क्षेत्रातले काम ‘स्वतःच्या क्षेत्रातले’ म्हणून दाखवणे. तिसरी पायरी थेट पैशाची: कॉलेज कामगार पुरवणाऱ्या एजन्सीला पैसे देई आणि एजन्सी त्याच कॉलेजच्या पदवीधरांना त्याच कॉलेजच्या आवारात दोन-दोन दिवसांच्या कामावर ठेवी. संगणक या खोलीतून त्या खोलीत हलवायचे, केबली गुंडाळून नीट लावायच्या. दोन दिवसांनी काम संपले तरी कागदावर तो मुलगा आपल्या क्षेत्रात नोकरीला लागलेला असे. प्लेसमेंटची टक्केवारी चुकीची दिल्याची अशी ९४७ उदाहरणे खात्याने हील्डमध्ये मोजली.

या सगळ्या युक्त्यांमध्ये कोणत्याही एका माणसाने धडधडीत खोटे बोलायची गरज क्वचितच पडते. प्रवेश घेणारा सल्लागार छापील पत्रक दाखवतो. पत्रकातली टक्केवारी मुख्य कार्यालयाने पाठवलेली असते. मुख्य कार्यालयाने ती कॅम्पसच्या नोंदींवरून काढलेली असते. नोंद करणाऱ्याने ‘नोकरी’ची व्याख्या जरा सैल केलेली असते, एवढेच. समोर बसलेल्या मुलीपर्यंत पोहोचतो तो फक्त स्वच्छ, दशांश चिन्हासह छापलेला आकडा. त्यातली एकेक नोकरी किती दिवस टिकली, पगार किती, काम कसले, हे विचारायला तिच्याकडे ना वेळ असतो ना माहिती.

कंपनीने हे आरोप नाकारले, हेही नोंदवायला हवे. नियामकांनी पैसे रोखल्यामुळे आपल्यावर ही वेळ आली, अशी तिची भूमिका होती. पुढे जे दोन मोठे निकाल लागले ते कंपनी बचावाला उभीच न राहिल्याने एकतर्फी लागले. म्हणजे कंपनीची बाजू भर न्यायालयात उलटतपासणीला उतरलीच नाही. तरीही हील्डबद्दलचे निष्कर्ष कॉलेजने स्वतः ठेवलेल्या नोंदींवरून निघालेले आहेत, आणि टॅको बेलच्या त्या नोकरीचे दुसरे काही स्पष्टीकरण मला तरी सुचत नाही.

एकवीस दिवस

कोसळणे मात्र झटपट झाले. शिक्षण खाते प्लेसमेंटच्या आकड्यांचा तपशील मागत होते. समाधानकारक उत्तर येत नव्हते. जून २०१४ मध्ये खात्याने सरकारी पैसे द्यायला २१ दिवस उशीर करायचे ठरवले. पैसे बंद केले नव्हते, फक्त तीन आठवडे थांबवले होते. वर्षाला अब्जावधी डॉलरची उलाढाल असलेली कंपनी तेवढ्यावर गुडघ्यावर आली. जुलैमध्ये बहुतेक कॅम्पस विकण्याचा आणि काही हळूहळू बंद करण्याचा करार झाला. पुढे ५० हून अधिक कॅम्पस विद्यार्थी कर्जाच्या हमीचा व्यवहार करणाऱ्या ईसीएमसी या गटाने घेतले. एप्रिल २०१५ मध्ये हील्डवर दंड, त्याच महिन्याच्या अखेरीस २८ कॅम्पस एकदम बंद, सुमारे १६ हजार विद्यार्थी रस्त्यावर, आणि ४ मे रोजी दिवाळखोरीचा अर्ज.

‘आम्ही फेडणार नाही’

खरा वाद इथून सुरू होतो.

शाळा बंद झाली त्या वेळी जे शिकत होते त्यांच्यासाठी कायद्यात वाट होती. बंद पडलेल्या शाळेचे सरकारी कर्ज माफ होऊ शकते. पण एक अट होती: आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांची नोंद) दुसऱ्या शाळेत नेऊन तोच अभ्यासक्रम पूर्ण केला तर ही माफी मिळत नाही. वर्षभर शिकलेल्याने कर्जमाफी घ्यावी की शिकलेले वाचवावे, असा पेच त्यातून उभा राहिला. आणि जे दोन, पाच, दहा वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडले होते त्यांना ही वाटही बंद होती. फसवणुकीचा आकडा त्यांनाही दाखवला होता, पण त्यांची शाळा ‘बंद’ झाली नव्हती. त्यांनी ती पूर्ण केली होती.

फेब्रुवारी २०१५ मध्ये १५ माजी विद्यार्थ्यांनी आपण सरकारी कर्जाचे हप्ते भरणार नाही असे जाहीर केले. वृत्तपत्रे त्यांना ‘कॉरिन्थियन फिफ्टीन’ म्हणू लागली. काही आठवड्यांत हा आकडा शंभरावर गेला. त्यांच्यामागे डेट कलेक्टिव्ह ही संघटना होती, जिची मुळे बड्या बँकांविरुद्ध वॉल स्ट्रीटवर झालेल्या ऑक्युपाय आंदोलनात आहेत. त्याच मंडळींनी आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, एव्हरेस्टच्या विद्यार्थ्यांचे सुमारे ३९ लाख डॉलरचे खासगी कर्ज बाजारातून साधारण १ लाख ७ हजार डॉलरना विकत घेऊन रद्द केले होते. एक डॉलरचे कर्ज तीन सेंटपेक्षाही कमी किमतीला विकले जात होते, आणि विद्यार्थ्याकडून मात्र पुरा डॉलर मागितला जात होता. या व्यवहाराने लोकांचे डोळे उघडले असे मी मानतो.

हप्ते न भरण्याचा संप पुकारलेल्या या विद्यार्थ्यांनी नुसता नकार दिला नाही. त्यांच्या वकिलांनी एक विसरलेली तरतूद पुढे आणली. १९९० च्या दशकातल्या कायद्यानुसार शाळेने राज्याच्या कायद्याखाली दावा होऊ शकेल असे गैरवर्तन केले असेल, तर विद्यार्थी सरकारी कर्जाच्या परतफेडीविरुद्ध तो बचाव उभा करू शकतो. वीस वर्षे ही तरतूद जवळपास कोणी वापरलीच नव्हती. अर्जाचा नमुनासुद्धा नव्हता. संघटनेने स्वतःच नमुना तयार केला, लोकांकडून भरून घेतला आणि अर्जांचे गठ्ठे शिक्षण खात्याकडे नेऊन दिले. पुढे खात्याने हील्ड, एव्हरेस्ट आणि वायोटेकचे कोणते अभ्यासक्रम, कोणते कॅम्पस आणि प्रवेशाच्या कोणत्या तारखा खोट्या टक्केवारीखाली येतात याच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि त्यात बसणाऱ्यांना माफी द्यायला सुरुवात केली.

सरकार बदलले तसा प्रश्नही बदलला. डिसेंबर २०१७ मध्ये शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांच्या खात्याने ठरवले की सगळ्यांना पूर्ण माफी द्यायची नाही. विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमातले लोक सरासरी किती कमावतात ते तशाच दुसऱ्या शाळांतल्या लोकांच्या कमाईशी ताडून पाहायचे आणि त्यानुसार कर्जाचा काही हिस्साच माफ करायचा.

या भूमिकेला उडवून लावणे सोपे आहे, पण तिच्यात एक खरा प्रश्न आहे. नुकसानभरपाई नुकसानाएवढी असावी हे कायद्याचे जुने तत्त्व. एखादी मुलगी मेडिकल असिस्टंट झाली, दवाखान्यात कामाला आहे, बरे कमावते आहे. तर तिचे सगळे कर्ज करदात्यांनी का उचलावे? उत्तर द्यायचे तर नुकसान कधी झाले हे आधी ठरवावे लागेल. मला विचाराल तर ते सहीच्या दिवशी झाले. तिने हजारो डॉलरचे ओझे उचलायचे ठरवले ते एका आकड्यावर विसंबून, आणि तो आकडा खोटा होता. पुढे तिने स्वतःच्या कष्टाने, कदाचित आधीच्याच नोकरीत, जे कमावले त्याचे श्रेय शाळेला देऊन तिची माफी कापणे म्हणजे हील्डने केलेली मोजणीच सरकारने पुन्हा करणे. शिवाय त्या सूत्रात सरासरी तिच्या अभ्यासक्रमातल्या इतरांच्या कमाईची होती. तिची स्वतःची कहाणी त्यात कुठेच नव्हती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात यावर दावा उभा राहिला. मे २०१८ मध्ये न्यायाधीश सॅली किम यांनी हे सूत्र थांबवले: कमाईची माहिती सामाजिक सुरक्षा खात्याकडून ज्या प्रकारे घेतली होती त्यात खासगीपणाच्या कायद्याचा भंग दिसत होता. या विद्यार्थ्यांकडून वसुली थांबवा, असाही आदेश झाला. तरीही वसुली चालू राहिली. १६ हजारांहून जास्त लोकांना हप्ते भरायचे आहेत असे चुकीने कळवले गेले. काहींच्या पगारातून, काहींच्या कर परताव्यातून पैसे कापले गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने शिक्षण खात्याला आणि मंत्र्यांना अवमानाबद्दल दोषी धरून १ लाख डॉलरचा दंड केला. फसवणूक झाल्याचे मान्य झालेल्या माणसाचा पगार कापला जातो, आणि तोही न्यायालयाची मनाई असताना. या सगळ्या प्रकरणातला हा भाग माझ्या मनातून जात नाही.

२०२२ च्या निर्णयाने १९९५ पासून २०१५ पर्यंत कॉरिन्थियनच्या कोणत्याही कॅम्पसवर शिकलेल्या सगळ्यांचे उरलेले सरकारी कर्ज अर्ज न मागवता माफ झाले. घोषणेला कमला हॅरिस पुढे होत्या, तेव्हा उपाध्यक्ष म्हणून.

पैसे कोणी भरले

न्यायालयांनी कंपनीविरुद्ध दिलेले आकडे डोळे दिपवणारे आहेत. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्यूरोच्या दाव्यात ५३ कोटी १० लाख डॉलर. मार्च २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दाव्यात १.१ अब्ज डॉलरहून जास्त, त्यांपैकी ८२ कोटी विद्यार्थ्यांच्या भरपाईसाठी. दिवाळखोर कंपनीकडे द्यायला काही उरलेच नव्हते. भार अखेर सरकारी तिजोरीवर पडला.

खासगी जेनेसिस कर्जांचे काय? ती सरकारच्या माफीत येऊच शकत नव्हती. त्यासाठी ब्यूरोला वेगळी लढाई करावी लागली. कॅम्पस विकताना ईसीएमसीशी झालेल्या तडजोडीत ४८ कोटी डॉलरची सूट निघाली. कर्जाची मुद्दल ४० टक्क्यांनी कमी झाली. ज्या गुंतवणूक कंपनीने ही कर्जे विकत घेतली होती त्या एक्विटासशी ऑगस्ट २०१७ मध्ये १८ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या एकाच फीसाठी घेतलेल्या दोन कर्जांचे नशीब वेगवेगळे ठरले, कारण सावकार वेगवेगळे होते.

आपल्याकडे हाच वाद झाला तर

पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, कुठल्याही शहरात बसथांब्यासमोरच्या इमारतीवर ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असा फलक दिसतो. या फलकामागची मोजणी कोण तपासते? मान्यताप्राप्त संस्थांची निदान काही चौकट असते. तीन-सहा महिन्यांच्या सॉफ्टवेअर, हॉटेल, विमानसेवा, डिजिटल मार्केटिंग अशा खासगी कोर्सचा प्लेसमेंटचा आकडा नियमितपणे तपासणारे कोणी नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ताही वाटतो तितका सरळ नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोलंकी प्रकरणात असा निर्णय दिला की शिक्षण देणाऱ्या संस्था, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या संस्थांसह, ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. कोचिंग संस्था मात्र येतात. त्यामुळे अशा तक्रारीत संस्थेचा वकील पहिल्याच तारखेला आम्ही शिक्षणसंस्था आहोत असे सांगू शकतो. आपण प्रवेश घेतलेली जागा कागदोपत्री नेमकी काय आहे, विद्यापीठाशी किंवा तंत्रशिक्षण मंडळाशी जोडलेली की नुसती कोचिंग, हे म्हणूनच फी भरायच्या आधी पाहायला हवे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवडीची किंवा नोकरीची हमी देणारे खोटे दावे त्यांत निषिद्ध आहेत. हा आधार उपयोगी आहे, फक्त तो घेता यायला जाहिरात जपून ठेवलेली हवी.

कर्जाची गोष्ट अधिक नाजूक. प्रवेशाच्या टेबलावरच आधार आणि पॅन घेऊन एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज मंजूर होते, पैसे संस्थेला जातात आणि विद्यार्थ्याला वाटते की आपण फीचे हप्ते भरतो आहोत. प्रत्यक्षात करार संस्थेशी नसून वित्त कंपनीशी असतो. संस्थेने दार बंद केले तरी हप्ता थांबत नाही, आणि चुकला तर क्रेडिट स्कोअर घसरतो. शाळेचे गैरवर्तन दाखवून कर्ज रद्द मागता येईल अशी अमेरिकेसारखी खास तरतूद आपल्याकडे विद्यार्थी कर्जासाठी नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून आणलेल्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी एक गोष्ट दिली आहे: कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक आधी मिळाले पाहिजे आणि ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा कर्जाचा खर्च देऊन, दंड न भरता, कर्जातून बाहेर पडता आले पाहिजे. ही मुदत किती दिवसांची आहे ते सहीच्या आधी विचारा. मुद्दल मात्र तोवर संस्थेकडे गेलेली असते, म्हणून तेवढ्याच मुदतीत फी परत देण्याचे संस्थेकडूनही लिहून घ्या.

प्लेसमेंटच्या टक्केवारीबद्दल विचारायचे ते लेखी विचारा. टक्केवारी कशाची आहे: प्रवेश घेतलेल्यांची, कोर्स पूर्ण केलेल्यांची, की फक्त मुलाखतीला बसलेल्यांची? नोकरी किती महिने टिकली तर मोजता? कोर्सच्या आधीपासून नोकरी असलेले वगळता का? स्वतः संस्थेत ठेवलेली मुले त्यात धरली आहेत का? उत्तर ई-मेलवर मागा, आणि ते मिळाले नाही तर मागितल्याचा ई-मेल तरी ठेवा. कोर्स संपल्यावर नोकरी लागल्याच्या फॉर्मवर सही मागितली, तर वाचून, तारीख टाकून, प्रत घेऊनच करा. प्रवेशाच्या दिवसाची पावती आणि त्या दिवशी हातात दिलेले माहितीपत्रक एकाच फाइलमध्ये ठेवा. हील्डच्या माजी विद्यार्थ्यांपैकी सुरुवातीला कोणाला माफी मिळाली हे कॅम्पस, अभ्यासक्रम आणि प्रवेशाची तारीख या तीन नोंदींवरच ठरले होते.